आमची आजी ७६ ची नाही, ८१ ची आहे

प्रति,
मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या ३ मेच्या अंकात आतल्या पानावर, अगदी तळाला, ठिबकच्या जाहिरातीशेजारी आमच्या आजीच्या वाढदिवसाची बातमी आली. फोटोसकट आली. घरात सगळ्यांना आनंद झाला, धाकट्या काकांनी तर पाच अंक घेतले. त्याबद्दल आभार. पण बातमीत चुका आहेत, आणि त्यातली एक अशी आहे की ती तशीच राहिली तर आमची सहा महिन्यांची खटपट पाण्यात गेल्यासारखी होईल. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण वाचा.

आधी माझी ओळख. मी एसटीत वाहक आहे. तेरा वर्षं झाली. आपल्या पेपरचे गठ्ठे पहाटेच्या गाडीनं खेड्यापाड्यात जातात, त्यातली एक गाडी माझी. ३ तारखेचा गठ्ठा कऱ्हाडहून मोरणा खोऱ्यात मीच पोचवला. फाट्यावर पेपरवाल्या पोरानं सुतळी सोडली, मी एक अंक विकत घेतला आणि ड्रायव्हरकाका गाडी वळवेपर्यंत पुढच्या सीटवर बसून बातमी वाचली. मथळा असा: 'आजींचा ७६ वा वाढदिवस उत्साहात'. आणि खाली पहिल्याच ओळीत: 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा संपन्न'.

आता, शहात्तराव्या वर्षी सहस्रचंद्रदर्शन कसं होईल? हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं ओलांडावी लागतात, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले असते तरी कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण मी आपल्या माणसाला दोष देत नाही. चूक आमच्या घरातून गेली. वार्ताहरांनी "वय किती?" म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या चुलतभावानं खिशातनं मोबाईल काढला आणि आजीच्या आधारकार्डाचा फोटो दाखवला. त्यावर लिहिलंय ०१/०१/१९४९. झालं.

ही एक जानेवारी कुठून आली ते मला माहीत आहे, कारण मी तेव्हा आजीच्या शेजारी उभी होते. गावातल्या शाळेच्या खोलीत कॅम्प होता. मशीनवर बसलेला पोरगा दिवसभर बोटं दाबून घेऊन वैतागलेला. आजीची बोटं तर उमटतच नव्हती. आयुष्यभर शेणामातीत, भांगलणीत, भाताच्या लावणीत झिजलेली बोटं ती, मशीन त्यांना बोटं मानायलाच तयार नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसून पुसून चौथ्यांदा उमटली. मग त्यानं विचारलं, "आजी, वय?"

"आसंल साट-पासट."

"जन्मतारीख?"

"आखितीची."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, अक्षय्य तृतीयेची म्हणतीय. तो म्हणाला, "ताई, तसा कॉलम नाही." साठ आणि पासष्टच्या मधलं त्रेसष्ट त्यानं धरलं, वजाबाकी केली, १९४९ आलं, आणि तारीख टाकली एक जानेवारी. मीही तेव्हा काही बोलले नाही. मागं रांग होती, आणि मला पाटणची गाडी धरायची होती.

दिवसाला चाळीस-पन्नास आधारकार्डं माझ्या हाताखालून जातात. त्यातली कितीतरी एक जानेवारीची असतात. आणि जे चार बुकं शिकले त्यांची एक जून. एक जून ही तर मास्तरांची तारीख. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, बापाला तारीख आठवत नाही, मग मास्तर आपले एक जून लिहून मोकळे. आमच्याच घरात आजोबा, तात्या, अण्णा आणि दोन काका असे पाचही पुरुष एक जूनला जन्मले आहेत. त्या दिवशी सकाळी बँकेचे शुभेच्छांचे मेसेज एकामागून एक वाजत सुटतात. अण्णा म्हणजे माझे वडील. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ ला, तेव्हा ते पाळण्यात होते, तीन महिन्यांचे. घराची मागची भिंत आत न पडता बाहेर पडली म्हणून वाचले. पण शाळेत घालताना मास्तरांनी त्यांना १ जून १९६६ ला जन्माला घातलं. कारखान्यातून ते त्या हिशोबानं सव्वा वर्ष आधी निवृत्त झाले. सव्वा वर्षाचा पगार मास्तरांच्या टाकाच्या एका फटकाऱ्यात गेला, असं ते अजून म्हणतात.

बायकांचं तर तेवढंही नाही. शाळाच नाही, तर मास्तर कुठला?

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. आजी खरी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, पण कार्डावर त्र्याहत्तर. म्हणजे अर्धं तिकीट. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या गाडीत चढली, कऱ्हाडला डोळे दाखवायला निघालेली. तिच्या शेजारी बसलेली बाई तिच्यापेक्षा सहज सात-आठ वर्षांनी लहान. तिला मी शून्याचं तिकीट दिलं आणि माझ्या आजीला अर्धं फाडलं. आजीनं कमरेची चंची सोडली, नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माजी नात हाय बरं का." गाडी हसली. मला मात्र पाटणपर्यंत मान वर करवेना. फुकट नेता आलं असतं का? नसतं. पुढच्या फाट्यावर तपासणीचं पथक उभं असतं, आणि नात म्हणून कुठली सवलत मशीनमध्ये नाही. तिकिटाचे पैसे मी नंतर तिच्या डब्यात टाकले. तिनं ते मोजले आणि परत दिले. असं १ जानेवारी २०२४ पर्यंत चाललं. त्या दिवशी सरकारच्या लेखी तिला पंच्याहत्तर झाली.

आता खरी तारीख कशी सापडली ते.

गेल्या दिवाळीत सगळे जमले होते. तात्यांचं म्हणणं, आईची पंच्याहत्तरी राहून गेली, आता शहात्तर तरी करू, एक जानेवारीला. आजी माजघरात कुरडयांचा डबा पुसत होती. तिथूनच म्हणाली, "माजी आखिती हाय. गोदी फुटली त्या सालची. बाप गोदीतनं जिता आला आन् दुसऱ्या दिशी मी झाले."

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. 'गोदी फुटली' म्हणजे काहीतरी जुनं, मुंबईचं, इतकंच डोक्यात होतं. पण या खेपेला मला एकदम आठवलं. आमच्या आगारात दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दिनाचं प्रात्यक्षिक होतं. ऑईलच्या पिंपात चिंध्या पेटवायच्या, लाल नळकांड्याची पिन ओढायची, फवारा आगीच्या बुडाशी मारायचा. शिकवायला येतात ते साहेब हा दिवस का पाळतात ते सांगतात. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट लागलेली. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या, लढाईचा दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. कापसानं पेट घेतला. दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. शेकड्यांनी माणसं मेली. तेरा वर्षं मी हे दर एप्रिलमध्ये ऐकत होते, आणि घरी येऊन आजीच्या तोंडून 'गोदी फुटली' ऐकत होते, पण दोन्ही एकच आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

मग आजीला समोर बसवलं आणि पहिल्यांदा नीट विचारलं. तिचे वडील, आमचे पणजोबा, मुंबईत गोदीजवळच्या दाणाबंदरला पोती वाहायचे. त्या दिवशी पोटात कळ आली म्हणून खोलीवर जाऊन पडले होते, म्हणून जगले. छत अंगावर आलं, एक कान कायमचा गेला. गावाकडं बातमी कुणीतरी आणली की दाणाबंदरची माणसं राहिली नाहीत. कार्ड नाही, तार नाही. घरात पणजी दिवस भरलेली. लोकांनी गोदी फुटल्याच्या दिवसापासून दिवस मोजायला घेतले. दहाव्याचं काय करायचं यावर भावकीत बोलणंही झालं. अकराव्या दिवशी दिवेलागणीला पणजोबा दारात उभे. ओगलेवाडीला रेल्वेतून उतरून कऱ्हाडात आलेले, आणि तिथून पुढं बहुतेक वाट चालत. आणि बाराव्या दिवशी, तांबडं फुटताना, आजी झाली. गावात म्हण पडली: ज्याचं बारावं घालायचं त्याच्या घरात बारसं.

"आन् त्या दिशी आखिती व्हती," आजी म्हणाली. "आई सांगायची, घागर भरून ठिवली व्हती, ती बापाच्या नावानं भरायची का न्हाई ह्येच ठरंना झालतं."

पाटणच्या एका गुरुजींकडं शंभर वर्षांचं पंचांग आहे. त्यांनी काढून दिलं: १९४४ ची अक्षय्य तृतीया एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते. चौदा तारखेपासून बारावा दिवस मोजा. जुळतं. कचेरीत जुनी जन्मनोंद शोधायचाही प्रयत्न केला, पण त्या सालचं पुस्तकच मिळालं नाही. मला आता त्याची गरज वाटत नाही. जगातला मोठा स्फोट, एक सण आणि एक बहिरा कान एवढे साक्षीदार असल्यावर पुस्तक कशाला?

आता पौर्णिमांचा हिशोब. हा मी मुक्कामी गाडीत, वेबिलाच्या म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदामागं केला. ऐंशी वर्षांच्या बारानं ९६०. त्यात अधिक महिने येतात, एकोणीस वर्षांत सात. आजीच्या ऐंशी वर्षांत अधिकाच्या ३० पौर्णिमा बसतात. ९९०. पुढं दर महिन्याची एक धरत गेलं की दहाव्या महिन्यात हजार भरतात. जन्मानंतरची पहिली ती १९४४ ची वैशाखी पौर्णिमा, आणि हजारावी आली माघी पौर्णिमा, १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. गुरुजींनी तपासून 'बरोबर' म्हणून सांगितलं. तेरा वर्षं वेबिल जुळवतेय, चंद्रही जुळले. (तिकीट मशीन आलं तरी बेरीज तोंडानं करायची सवय मी सोडलेली नाही. चार्जिंग संपलं की कळतं.)

फेब्रुवारीत सोहळा शक्य नव्हता. नातवंडांपैकी दोघं बारावीला, गावात शाळू काढणीला आलेला, काकांचा ऊस तोडायचा राहिलेला. म्हणून आखितीलाच करायचं ठरलं. यंदा ती ३० एप्रिलला आली आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळं कोपरखैरण्याची, पुण्याची माणसं मोकळी होती. पण आखिती म्हणजे लग्नाची तीथ. मांडववाला नाही, आचारी नाही, वाजंत्री नाहीत. शेवटी पुरणपोळ्यांना आमच्या पाच सुना आणि तीन लेकी रात्री दोनपासून बसल्या. दीडशे माणसांचं पुरण वाटायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी वाटलंय त्यांना विचारा. कटाची आमटी, आमरस, कुरडई, भात. पापड वाऱ्यानं उडाले.

बातमीत लिहिलंय 'हजार दिव्यांनी औक्षण'. नाही. दिवे ८१ होते, कणकेचे, आत्यानं स्वतः वळलेले. त्यातले पाच-सात वाऱ्यानं विझले ते पुन्हा लावले नाहीत, कारण आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, त्येल वाचलं."

'केक कापण्यात आला' हेही खरं नाही. केक आला होता. कऱ्हाडहून येता येता रस्त्यातच बसला. पोरांनी तो चमच्यानं खाल्ला.

गूळतुला झाली ते मात्र खरं. धान्याच्या व्यापाऱ्याकडचा जुना लोखंडी काटा आणला, आंब्याच्या फांदीला टांगला. आजी आधी चिडली. "मी काय बाजारातली हाय, तोलाय?" मग अण्णांनी हाताला धरून बसवली. एका बाजूला गुळाच्या दहा-दहा किलोच्या ढेपा. चार झाल्या, पारडं हललं, वर एक किलोचा खडा ठेवला तेव्हा काटा मधे आला. एक्केचाळीस किलो. एवढं वजन तर मी पार्सलच्या एका पोत्याचं उचलते. आजी मात्र उतरायला तयार होईना. सावली होती, पारडं झुलत होतं, वारा येत होता. "थांबा वाईच," म्हणाली, "जनमात झोका न्हाई मिळाला." गुळाच्या ढेपा उतरवल्या तर तिचं पारडं खाली आदळेल, म्हणून समोरच्या पारड्यावर दोन चुलतभाऊ वाकून उभे राहिले आणि तिला झुलवत राहिले. तो गूळ नंतर तिनं स्वतः बसून कोयत्याच्या उलट्या बाजूनं फोडला आणि वाड्यावस्तीवर घरटी वाटायला लावला. कुणाच्या घरात किती माणसं, कोण बाळंतीण, कुणाला साखरेचा आजार म्हणून गूळ नको, हे सगळं तिला तोंडपाठ. यादी नव्हती.

आता फोटोबद्दल. खाली आपण लिहिलंय, 'हात उंचावून उपस्थितांना अभिवादन करताना आजी'. फोटो नीट बघा. हात वर आहे, पण मूठ झाकलेली आहे. त्या मुठीत पणजोबांचा पितळी बिल्ला आहे. हमालीचा. आजीच्या भावाचा मुलगा त्या दिवशी माहेराहून तो घेऊन आला. आजीनं एवढंच मागितलं होतं बघा, की माहेरची माणसं आली पाहिजेत. भाऊ गेल्यापासून येणं-जाणं तुटलं होतं, काहीतरी बांधाच्या भांडणावरनं, त्यात मी पडत नाही. तो आला आणि पायजम्याच्या खिशातनं कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. रुपयापेक्षा मोठा, मधोमध भोक, आकडे इतके झिजलेले की बोटानंच वाचायचे. आजीनं बोट फिरवलं, म्हणाली, "ह्यो दाराच्या खिळ्याला आसायचा." मग दिवसभर तिनं ती मूठ उघडली नाही. आमरसही डाव्या हातानं खाल्ला. तुलेतही बिल्ला तिच्याकडंच होता, त्यामुळं एक्केचाळीस किलोत दहा-वीस ग्रॅम बापाचे आहेत असं अण्णा म्हणतात. फोटोत ती अभिवादन करत नाही, फोटोवाल्याला "हिकडं ऊन लागतंय, म्होरं हो" असं सांगतीय.

आणि शेवटची चूक, जी मला सगळ्यात लागली. बातमीच्या शेवटी लिहिलंय: 'सत्काराला उत्तर देताना आजींनी नव्या पिढीने संस्कार जपावेत व एकत्र कुटुंबपद्धती टिकवावी असे मनोगत व्यक्त केले.'

संपादकसाहेब, आजी असं काही म्हणाली नाही. माझ्या समजुतीप्रमाणं ती 'संस्कार' हा शब्द आयुष्यात वापरत नाही. माईक तिच्या तोंडासमोर धरला तेव्हा ती म्हणाली ते मी मोबाईलवर धरलंय, शब्दाला शब्द असं: "जेवा. ऊन लई हाय. म्हातारी मानसं पयली बसवा. डायवर-कंडाक्टर आल्यात त्यास्नी आदी वाढा, त्यास्नी गाडी हाय." एवढंच. मग माईक बाजूला सारला. माझ्या आगारातले चौघंजण आले होते, दुपारची ड्यूटी गाठायची होती, ते तिला माहीत होतं. हे छापलं असतं तर काय बिघडलं असतं? म्हाताऱ्या माणसांच्या प्रत्येक सोहळ्यात तेच एक मनोगत छापून येतं. वाचून असं वाटतं की सातारा जिल्ह्यातल्या सगळ्या आज्यांनी एकाच मास्तरांकडून भाषण लिहून घेतलंय. त्यांच्या तोंडचं चार शब्दांचं जे असेल ते छापत जा. काही बोलल्या नसतील तर 'काही बोलल्या नाहीत' छापा.

ही बातमी मी त्याच दिवशी मुक्कामाला गेल्यावर आजीला वाचून दाखवली. चष्मा तिचा, पण वाचायचं मी. शहात्तर ऐकल्यावर म्हणाली, "बरं हाय की, पाच वर्सं मागं मिळाली." मग मनोगत ऐकलं. "कोन म्हनलं ह्ये?" मी म्हटलं, तू. ती थोडा वेळ गप्प राहिली. "मी न्हाई बाबा," म्हणाली. "दुसरी कोन आसंल."

म्हणून एक गोष्ट लिहिते, जी बातमीत येण्यासारखी नाही, पण खरं सहस्रचंद्रदर्शन कुठलं ते आपल्याला कळावं. १२ फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेला, मी एका सहकारी बाईंशी ड्यूटी बदलून आमच्या गावची मुक्कामी गाडी घेतली. साडेसातला गाडी देवळासमोर लावली. ड्रायव्हरकाका गाडीतच कांबळं अंथरायला लागले. मी कॅशची पेटी बगलेत मारून घरी गेले. आजीनं हुलग्याचं माडगं केलं होतं आणि ज्वारीची भाकरी. जेवल्यावर तिला अंगणात आणली, बाजल्यावर बसवली, अंगावर वाकळ टाकली. चंद्र समोरच्या डोंगराच्या धारेवरनं पुरता वर आला होता. मी म्हटलं, "आजी, हा तुझा हजारावा. तू हजार पौर्णिमा बघितल्यास."

ती हसली. "हजार? येडी का खुळी तू. मी कवा बघितल्या?"

मी पुन्हा हिशोब सांगायला लागले. तिनं हातानं थांबवलं आणि स्वतःचा हिशोब मांडला. पावसाळ्याचे चार महिने आमच्या खोऱ्यात आभाळ दिसत नाही, ते गेले. दर वर्षाचे चार. उरलेल्यात दिवेलागणीला ती चुलीपुढं असायची, धुरात. मग भांडी. मग पोरं निजवायची. सुगीच्या दिवसांत चांदण्यात खळ्यावर काम चालायचं, पण तिथं मान खाली. "उजेड व्हता त्येवढा ठावं. वर बघाय कुनाला सवड?" बोटाच्या पेरांवर मोजत मोजत ती कुठंतरी थांबली आणि म्हणाली, "बघितल्याला मोजलं तर शंभर बी न्हाईत व्हनार. पोर हुती तवा दोन-चार. तुज्या आजाची वाट बघताना दोन-चार. भूकंपात घर पडलं, मांडवात निजायचो, तवा मातर समदा म्हैनाभर बघितला."

मला काय बोलावं सुचेना. मी वेबिलाच्या मागं केलेली बेरीज खिशातच होती.

"आज बघू दी की नीट," ती म्हणाली, आणि वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली. आम्ही दहा वाजेपर्यंत बसलो. मधे एकदा तिनं विचारलं, सकाळची गाडी किती वाजता. मी म्हटलं पावणेसहा. "मग नीज जा." पण ती उठली नाही, म्हणून मीही उठले नाही.

तरी कृपया खुलासा छापावा. वय ८१, आकडा ठळक. दिवे ८१. केक कापला नाही. मुठीत बिल्ला. आणि मनोगताच्या जागी तिचं जे खरं बोलणं मी वर दिलंय ते, तिच्याच भाषेत, शुद्ध न करता. जागा कमी असेल तर बाकी सगळं गाळा, पण वय आणि बोलणं गाळू नका.

आपली,
एक वाहक, सातारा विभाग
६ मे २०२५

ता. क. आधारकार्डावरची तारीख बदलून घ्यायची का, असं आजीला विचारलं. म्हणाली, आता तिकीट फुकट हाय न्हवं, मग कशाला हेलपाटं? येत्या सोमवारी, १२ मेला, वैशाखी पौर्णिमा आहे. आमच्या मोजणीत १००३ वी. मुक्कामी गाडी मी मागून घेतलीय. वळवाचं आभाळ रोज दुपारी भरतंय, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोकळं झालं म्हणजे मिळवली.